नसते उद्योग, असते उद्योग

मराठी शिकवण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. पण ‘उद्योग’ या शब्दाशी आपण मराठी माणसे जे वागतो, त्याचे कोडे मला अजून उलगडलेले नाही. व्यासपीठावर उभे राहिलो की उद्योगासारखा सद्गुण नाही, असे आपण ठासून सांगतो. घरी येऊन पाहतो तो चिरंजीव कात्री, खळ आणि रंगीत कागद घेऊन बैठकीच्या खोलीत पसारा मांडून बसलेले! लगेच आपल्या तोंडून निघते, “हे नसते उद्योग कुणी सांगितले होते तुला?” ‘धंदा’ या शब्दाची तर याहून दैना. “काय धंदे चालले आहेत?” हा प्रश्न मराठी घरात कुणी कौतुकाने विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

या सदरातून एरवी मी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलत असतो. आज दिवाळीच्या निमित्ताने तेरा ते अठरा वर्षांच्या वाचकांशी बोलायचे आहे. वडीलधाऱ्यांनी कान दिला तरी हरकत नाही.

मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाला आमच्या वेळी दोनच उत्तरे असत : डॉक्टर, नाहीतर इंजिनीअर. आजची मुले ‘उद्योजक’ असे तिसरे उत्तर देतात, आणि ते मला आवडते. मात्र त्यांची सुरुवात बहुधा नावापासून होते. कंपनीचे नाव ठरते, बोधचिन्ह ठरते, मोबाईलवर पान उघडले जाते. विकायचे काय आणि ते आपल्याला पडते केवढ्याला, एवढेच ठरायचे राहून जाते.

घरातून उभ्या राहिलेल्या धंद्यांकडे पाहिले तर क्रम नेमका उलटा दिसतो. गिरगावातल्या सात गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशीचा माल म्हणजे पापडांची चार पाकिटे. ‘लिज्जत’ हे नाव मिळाले १९६२ साली, म्हणजे पापड तीन वर्षे लाटून झाल्यावर! या बायकांना सल्ला देणारे छगनलाल पारेख (सगळे त्यांना छगनबाप्पा म्हणत) यांचा दोन गोष्टींचा आग्रह होता : मालाचा दर्जा एकसारखा हवा आणि हिशोब चोख हवा. दांडेकर बंधूंनीही १९३१ साली मुंबईत सुरुवात केली ती शाईच्या पुडीने. ‘कॅमल’ आणि ‘कॅम्लिन’ ही नावे आपल्या दप्तरात येऊन बसली ती नंतर.

छगनबाप्पांच्या आग्रहातली पहिली गोष्ट, म्हणजे दर्जा, हाताला वळण लागले की येतो. दुसरी गोष्ट घरात बसून शिकता येते आणि तीच आपण शिकवत नाही. म्हणून उद्योगाची आवड असणाऱ्या मुलाने घरी पहिले काम कोणते करावे, असे मला कुणी विचारले तर मी सांगतो, कीर्द लिहावी. कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. तिचे महत्त्व मला एका आकाशकंदिलाने पटवले.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमच्या इमारतीतल्या नववीतल्या एका मुलाने कामट्या आणि पतंगी कागद आणून आकाशकंदील केले. वडिलांचे म्हणणे, “पुढल्या वर्षी दहावी आहे. हे खूळ आताच थांबले पाहिजे.” मुलाचे म्हणणे, “मी २,६०० रुपये मिळवले आहेत!” भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी हे भांडण माझ्याकडे आले आणि मला पंच नेमण्यात आले.

मी मुलाला हिशोब विचारला. तो म्हणाला, “काका, सोपा आहे. ४० कंदील, प्रत्येकी १२० रुपये, म्हणजे ४,८००. सामानाचे गेले २,२००. उरले २,६००.”

“चाळीसही विकलेस?”

“३४ विकले. ३ मामा-मावशीला दिले. ३ उधारीवर आहेत.”

“आणि केलेस किती?”

“४४. चार फाटले.”

आम्ही कागद घेऊन बसलो. भेट दिलेल्या तीन कंदिलांचे ३६० रुपये मुळी आलेच नव्हते. सामान आणायला रिक्षाचे २४० गेले होते, ते बाबांनी दिले म्हणून धरलेच नव्हते. खळीचा मैदा आईच्या डब्यातला, दोरा तिच्या शिवणाच्या पेटीतला. त्यांचे १०० धरले. २,६०० चे झाले १,९००, आणि त्यातले ३६० अजून लोकांच्या खिशात!

एवढ्यात आठवीतली धाकटी बहीण, जी इतका वेळ दाराशी उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, “काका, झिरमिळ्या सगळ्या मी चिकटवल्यात.” मग तासांचा हिशोब निघाला. मुलाचे ४५ तास, बहिणीचे २५ आणि खळ शिजवण्यात, पसारा आवरण्यात आईचे ६. एकूण ७६ तास. १,९०० ला ७६ ने भागले. तासाला २५ रुपये पडले.

मुलाचा चेहरा पडला. पण वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मुलाचे ‘खूळ’ त्यांना दिसले होते. त्याच्या वहीतली बेरीज-वजाबाकी त्यांनी प्रथमच पाहिली. मुलाने बहिणीचे ६२५ आणि आईचे १५० रुपये वेगळे काढून ठेवले. आई म्हणाली, “मला कशाला रे?” पण पैसे घेतले हो तिने!

या वर्षी खरेच दहावी आहे. त्या वहीवरून घरात सर्वानुमते ठरले ते असे : कंदील फक्त १५, तेही अर्धा इसार आधी घेऊन. भेटी बंद, उधारी बंद. कारभार बहिणीकडे, आणि भाऊ रविवारी तिचा मदतनीस, तासाच्या मजुरीवर. धंदा थांबला नाही आणि अभ्यासही बुडाला नाही. हा निवाडा पंचाचा नव्हता, वहीचा होता.

घरचा मैदा, घरचा गॅस, घरची वीज आणि आईचे हात फुकट धरले तर कोणताही धंदा नफ्यात दिसतो. असा धंदा घराबाहेर पडला की चार महिन्यांत बसतो, कारण बाहेर या प्रत्येक गोष्टीला दाम मोजावा लागतो. शिवाय घरातल्या कुणाच्या तरी कष्टांवर आपण फुशारकी मारत होतो, हे कळतच नाही ते वेगळेच.

कंदील दिवाळीपुरते. बाकीच्या वर्षात करण्यासारखे पुष्कळ आहे. एक महिना घरचा किराणा तुम्ही आणा. प्रत्येक पाकिटावरचे वजन वाचा आणि १०० ग्रॅमला काय पडले ते लिहा. किंमत तीच ठेवून वजन कसे उतरवतात, हे तुमच्या तुम्हाला कळेल. व्यापाराचा हा पहिला धडा फुकट मिळतो. वस्तू करायची असेल तर आधी दहा ओळखीच्या माणसांना विचारा. ‘छान आहे’ म्हणणारे मोजू नका, इसार देणारे मोजा. हात चालत नसतील तर सेवा विका : कुणाचा मराठी मजकूर शुद्ध टंकून द्या, जुन्या पुस्तकांना बांधणी करा, शेजारच्या आजोबांना मोबाईलवरून विजेचे बिल भरायला शिकवा. त्यांचा पिन मात्र विचारायचा नाही. त्यांनी सांगितला तरी ऐकायचा नाही.

थोडे कायद्याचेही. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तुम्ही करार करायला पात्र नाही. तेव्हा जिथे सही लागते तिथे आई-वडील हवेतच. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवायचे बचत खाते उघडू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. मर्यादा त्या त्या बँकेच्या. आणि चकल्या-लाडू विकायचे मनात असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते. ती मोठ्या माणसाच्या नावाने आधी करून घ्या, मग कढई चढवा.

आता वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. मुलाला भांडवल द्यायचे असेल तर बक्षीस म्हणून देऊ नका, कर्ज म्हणून द्या. रक्कम लहान ठेवा आणि परतीची तारीख ठरवा. बुडाले तर रागावू नका, वही पाहायला मागा. पाचशे रुपयांत पंधराव्या वर्षी आलेले शहाणपण पस्तिसाव्या वर्षी पाच लाखांना पडते.

पाडव्याला व्यापारी नव्या वहीची पूजा करतात. यंदा तुमच्या घरीही एक साधी रेघांची वही आणा, तिला हळदकुंकू वाहा आणि पहिल्या पानावर पहिली नोंद करा : ‘वही, रुपये ४०, बाबांकडून उसने.’