कपाटातले शास्त्र आणि टोपलीतला कांदा

गेल्या वर्षी जून महिन्यात एक शेतकरी गृहस्थ रागारागाने आमच्या शाळेच्या दारात आले व म्हणाले, "गुरुजी, पोरगं शाळेत कांदे जोखायला नाही धाडलं आम्ही. कांदे घरी काय थोडे आहेत?"

प्रश्न रास्त होता. तो आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीही विचारला जात असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहो.

आमची शाळा निफाड तालुक्यातली. लासलगावचा बाजार हाकेच्या अंतरावर. चौथीच्या मुलांस आम्ही घरून दोन-दोन उन्हाळ कांदे आणावयास सांगितले. त्यांतले दोन किलो प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले, आणि दोन किलो बांबूच्या टोपलीत पसरून टोपली दोन विटांवर ठेवली, म्हणजे वारा खालूनही जावा. किराणा दुकानदाराचा काटा मागून आणला. दर शनिवारी सकाळी वजन करावयाचे व भिंतीवर लिहावयाचे, एवढाच उद्योग.

पहिल्याच आठवड्यात पिशवीला आतून घाम सुटला. पुढे कांद्यांवर काळी बुरशी धरली, कोंब आले, वास सुटला. परंतु वजन पाहावे तर जवळजवळ तेवढेच! उलट टोपलीतला कांदा खडखडीत चांगला, आणि वजन मात्र आठवड्यागणिक कमी. मुले बुचकळ्यात पडली. काटाच खोटा, असा एकाने निकाल दिला. तेव्हा एक कुंभाराची मुलगी, जी वर्गात एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "गुरुजी, आमची मडकी पण सावलीत वाळली की हलकी होतात. पाणी उडून जातं." आमच्या पुस्तकात बाष्पीभवनावर एक पान आहे. ते आम्ही किती वर्षे शिकवीत आलो, पण त्या पानाने ही मुलगी कधी बोलती झाली नव्हती.

मग कांदाचाळीचा तळ जमिनीपासून उंच का, भिंतींना फटी का, हे सांगण्याची आम्हांस गरज राहिली नाही. जन्मापासून पाहिलेल्या चाळीचे कारण मुलांनीच आम्हांस सांगितले.

आता आमचाही दोष सांगून टाकतो. शाळेत शास्त्राच्या साहित्याचे एक कपाट आहे. त्याची किल्ली आमच्याच खिशात असे. काचेचे काही फुटले तर जबाब कोणी द्यावा, या भीतीने आम्ही भिंग व चुंबक वर्षानुवर्षे मुलांच्या हातापासून सुरक्षित ठेवले! आणि विज्ञान प्रदर्शन आले की बाप बाजारातून थर्माकोलचा ज्वालामुखी विकत आणतो, मुलगा त्यापुढे पाठ केलेले भाषण म्हणतो, आणि बक्षीस घरी येते. बक्षीस खरे म्हणजे दुकानदारास मिळावयास पाहिजे.

१८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्यावे, आणि शिक्षक असा असावा की ज्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, अशी मागणी त्यात होती. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही खडूखेरीज काही धरले नाही.

काम करून दाखविणारे लोक झालेच नाहीत असे नाही. मध्यप्रदेशात होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांतून १९७२ पासून मुलांनी स्वतः प्रयोग करण्याचा उपक्रम चालला. तेथेच अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. यांपैकी कोणास मोठी प्रयोगशाळा लागली नाही.

कोणी म्हणेल, याने परीक्षेचे मार्क वाढतात काय? खरे सांगावयाचे तर वेळ जातो. गेल्या वर्षी आमचे दोन पाठ मागे राहिले. परंतु ज्या घरात लोहार भाता ओढतो, सुतार रंधा मारतो, माउली रात्री दुधाला विरजण लावते, त्या घरचे मूल शाळेत मुके बसते, कारण घरचे ते सारे अडाणीपण व पुस्तकातले तेवढे ज्ञान, असे आम्हीच त्याच्या मनात भरविले. हा तोटा दोन पाठांहून मोठा आहे.

एक प्रयोग आईबापांनी घरी करावा. मे महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास, अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा. नाशिकच्या आकाशात तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर येतो व काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या चोविसाव्याच्या आगेमागे पुन्हा तसे घडते, पण तेव्हा ढग बहुधा पाहू देत नाहीत. मुलास आधी काही सांगू नये. रोज सावलीच्या टोकाला खडा ठेवू द्यावा.

यंदाही टोपली मांडली आहे. शनिवारी सकाळी शाळा भरताच वजन होते. ज्यांस शंका असेल त्यांनी यावे व काटा स्वतः धरावा. येताना घरी पडलेली सायकलची जुनी नळी, फुटका आरसा, तारेचा तुकडा, जे असेल ते आणावे. कपाटाला आता कुलूप नाही.