उपग्रह शेत पाहील, पण ३ इंच गाळ कोण मोजणार?



जुलै २०२३ चा पाऊस जळगाव जामोद अन् संग्रामपूरवाले विसरले नाहीत. नदी-नाल्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या, कुठं गाळ-रेती येऊन बसली. आता बरेच जण विचारतात, "सर, इस्रोचा रडारवाला उपग्रह आला, मंग पंचनाम्याची गरजच काय?"

माझं मत विचाराल तर गरज आहे, अन् चांगलीच आहे.

इस्रो-नासाचा 'निसार' ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. ७४७ किमीवरून रडारच्या लहरी सोडतो. ढग असो की रात्र, त्याला अडत नाही. दर १२ दिवसांनी त्याच मार्गानं येतो. दोन खेपांच्या लहरी जुळवल्या की जमीन किती सेंटिमीटर खचली किंवा उचलली ते कळतं. पण मेख इथंच आहे. हे जमतं खडक, रस्ता, इमारत अशा न बदलणाऱ्या जागेवर. वखरलेलं, पुरानं धुतलेलं शेत दोन्ही खेपांना सारखं राहत नाही, लहरी जुळत नाहीत. मग तो एवढंच सांगू शकतो की इथं काहीतरी बदललं. किती इंच, ते नाही.

अन् मदत तर इंचावर अडते! केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये होते, पण थर ३ इंचांपेक्षा जास्त पाहिजे अन् सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे. अडीच इंचाला काहीच नाही.

म्हणून रडारचा नकाशा पंचनाम्याला आधी कुठं जायचं अन् कोणतं शेत सुटलं, हे ठरवायला वापरावा. त्यावरून कोणाचं नाव कापू नये, एवढीच माझी मागणी आहे.

तुमच्या हातातलं काम: नाल्याकाठी शेत असेल तर पेरणीआधीच विहिरीच्या कठड्यावर किंवा बांधाच्या दगडावर रंगानं खूण करा, जमिनीपासून किती इंच ते लिहून ठेवा. गाळ आला तर जेसीबीची घाई करू नका. आधी चार-पाच ठिकाणी जुनी माती लागेपर्यंत खड्डा घ्या, टेप उभा धरून लोकेशन-तारखेसह फोटो काढा. मूळ फोटो मोबाईलमधून डिलीट करू नका, कारण ग्रुपवर साधा पाठवला की त्याच्या आतली लोकेशनची नोंद निघून जाते.

– आपला कृषी सल्लागार