वाघाचा धडा आणि दाव्याचा कागद

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका पाड्यावर जीप आली. सोबत टीव्ही, जनरेटर आणि टोप्यांचं गाठोडं. संध्याकाळी शाळेच्या पडवीत पोरंबाळं, बायाबापे सगळे जमले. वाघ दाखवला, हरणं दाखवली, जंगल राखा म्हणून सांगितलं. पोरांना टोप्या मिळाल्या, टोपीवर वाघाचं तोंड. मग पाहुण्यांनी एक कागद काढला. म्हणाले, निसर्ग शिक्षणाचा प्रकल्प आहे, बालवाडी मिळेल, निर्धूर चुली मिळतील, खाली अंगठे द्या. कागद इंग्रजीत. पाड्यातल्या एका शिकलेल्या पोरानं तो हातात घेऊन वाचला, तर मध्येच एक वाक्य निघालं: गाव यापुढे अभयारण्यात चराई, राब आणि शेती करणार नाही.

तेव्हा मागे बसलेली एक आजी उठली. म्हणाली, "बाबा, वाघदेवाला दर वरसाला आम्हीच कोंबडा देतो. वाघाचं तू मला नको शिकवू. माझा प्लाट कोणाचा, ते तेवढं सांग." पाहुण्यांकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री अंगठे पडले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून संघटनेकडे विचारणा सुरू झाली. असे पैसे घ्यायचे की नाही? काही पाडे म्हणतात, पैसा सरकारचा नाहीतर परदेशातला, आपल्या बापाचं काय जातं, घ्या. काही म्हणतात, जीप दिसली की हाकला. आम्हांला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात.

आधी हा पैसा कुठून येतो ते बघू. १९९१ पासून केंद्र सरकारनं अभयारण्यांभोवतीच्या गावांसाठी परिसर विकासाची योजना काढली. त्यानंतर १९९६ साली जागतिक बँकेच्या मदतीनं देशातल्या सात वाघ-सिंहांच्या जंगलांसाठी तीनशे कोटींच्या आसपासचा प्रकल्प मंजूर झाला. महाराष्ट्रातलं एकही जंगल त्या सातांत नव्हतं, पण वारा तिथूनच वाहिला. विचार असा, की गावाला चार वस्तू द्यायच्या आणि बदल्यात गावानं जंगलाबाबत हमी लिहून द्यायची. कर्नाटकातलं नागरहोळे त्या सातांपैकी एक. तिथल्या आदिवासींनी विचारलं, आमचं जंगल आम्हांलाच विकत का घ्यायला लावता? त्याच नागरहोळेच्या जंगलात हॉटेल चालू होत होतं. आदिवासी त्याच्या विरोधात लढले आणि १९९७ च्या जानेवारीत उच्च न्यायालयानं ते हॉटेल बेकायदा ठरवलं. चराईला बंदी आणि हॉटेलला वाट, हा न्याय त्यांनी ओळखला. वाघाचं राखण त्या वेळी कोणी केलं?

आता मुद्द्याची गोष्ट. १९९७ च्या २२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना आदेश दिला. अभयारण्य जाहीर झालं पण लोकांचे हक्क ठरवायचे राहिले, अशा सर्व ठिकाणी दोन महिन्यांत जाहीरनामे काढा आणि वर्षाच्या आत काम संपवा. वन्यजीव कायद्याचं २१ वं कलम सांगतं, की जाहीरनामा लोकांच्या भाषेत, त्या हद्दीतल्या आणि जवळच्या गावागावांत लागला पाहिजे. त्यानंतर दोन महिन्यांत लेखी दावा द्यायचा. २४ वं कलम सांगतं, की अभयारण्यात कलेक्टर एखादा हक्क चालू ठेवू शकतो. राष्ट्रीय उद्यानात ती सोय नाही. अभयारण्य आणि उद्यान यांत हा मोठा फरक आहे, तो प्रत्येकानं ध्यानात ठेवावा.

म्हणजे आज आपल्या शेतावरचा, चराईचा, राबाचा, डिंक-मोह-मधाचा हक्क नोंदवायची घटका आहे. वीस-पंचवीस वर्षं आपण दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या, त्या याच दिवसासाठी. आणि नेमक्या याच घटकेला जे शिक्षण पाड्यावर येतं, त्यात वाघाचे पट्टे आहेत, पण २१ वं कलम नाही. जाहीरनामा ज्या पाड्यावर पोचला नाही, तिथे टोप्या मात्र पोचल्या. जो अंगठा दाव्यावर पडायला हवा, तोच आधी हक्कसोडीवर पडला, तर उद्या कलेक्टरपुढे काय तोंडानं उभं राहणार? म्हणून आमचा विरोध शिक्षणाला नाही, पैशालाही नाही. शिक्षणाच्या कागदाआडून हक्क काढून घ्यायला आहे.

पण साथींनो, दुसऱ्याकडे बोट दाखवून आपलं काम संपत नाही. वाघबारस आपण पाळतो, वेशीवरच्या वाघदेवाला शेंदूर लावतो. पहिल्या पावसाची कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय आपल्या घरात शिजत नाही. हे आपलं शिक्षणच होतं, निसर्गाला थोडी उसंत द्यायचं. आज काय चाललंय? चैत्र-वैशाखात डोंगर पेटतात, ते सगळे काही ठेकेदार पेटवत नाही. पोरांच्या गळ्यात बेचकी आणि पाड्याभोवती पाखरू नाही. डोहात विष टाकून मासे मारणारेही आपल्यातलेच, एका दिवसाच्या कालवणासाठी वर्षाचं बी मारतात. रात्री सागाचा ट्रक भरायला जाणारा हात आपला असतो, मजुरी थोडीशी आणि माल व्यापाऱ्याचा. हे आपण बोललो नाही तर दुसरे बोलतील, आणि त्याच्या आडून आपल्याला उठवतील.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव आहे. तिथे गावाचं अभ्यास मंडळ आहे. लोक बसतात, कायदा वाचतात, जंगलाचा विचार करतात आणि निर्णय सर्वसहमतीनं ग्रामसभेत घेतात. मध काढताना पोळं जाळायचं नाही, माशा मारायच्या नाहीत, अशी रीत त्यांनी शोधून बसवली. फळझाड तोडायचं नाही हे त्यांनीच ठरवलं. जंगल राखायचं शिक्षण याला म्हणतात. ते जीपमधून उतरलं नाही, गावातूनच उगवलं.

मग पैसे द्यायलाच कोणी आलं तर? आमचं म्हणणं असं:

एक. प्रकल्पाचा पूर्ण कागद, खर्चाच्या आकड्यांसकट, मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवा. पंचायत विस्तार कायदा १९९६ च्या २४ डिसेंबरला झाला. गावच्या योजनेला मंजुरी ग्रामसभेची आणि पैसा बरोबर खर्च झाला असा दाखलाही ग्रामसभेचा, असं त्यात लिहिलं आहे. चार माणसांच्या समितीचा अंगठा म्हणजे गावाचा अंगठा नव्हे.

दोन. शिक्षणाच्या पैशाला हक्कसोडीची अट जोडायची नाही. ती अट दिसली की चर्चा तिथेच बंद.

तीन. शिकवणारा पाड्यातला हवा, बोली आपली हवी. झाडपाला ओळखणारे, पावलावरून जनावर सांगणारे म्हातारे-म्हाताऱ्या आपल्याकडे आहेत. बाहेरच्या तज्ज्ञाला मानधन मिळतं, तसंच त्यांनाही मिळायला हवं.

चार. पोरांना बिबट्या शिकवा, शेकरू शिकवा, धनेश शिकवा. सोबत हेही शिकवा की बिबट्यानं शेळी मारली तर पंचनामा कसा करून घ्यायचा, भरपाईचा अर्ज कसा लिहायचा, जाहीरनामा आणि दावा म्हणजे काय. ज्याची शेळी गेली आणि भरपाई मिळाली नाही, त्याला वाघाचं प्रेम कोणत्या तोंडानं शिकवणार?

पाच. वणवा, बेचकी, विष आणि चोरटी तोड यांवर प्रत्येक ग्रामसभेनं स्वतःचा नियम करावा आणि तो मोडणाऱ्याला स्वतःच जाब विचारावा. यासाठी कोणाच्या पैशाची वाट बघायची गरज नाही.

न्यायालयानं दिलेलं वर्ष १९९८ मध्येच संपलं. आवणी सुरू झाली की कोणाला वेळ मिळणार नाही. त्याआधी प्रत्येक पाड्यावर बैठक घ्या. पावत्या, जुने कागद, म्हाताऱ्यांचे जबाब गोळा करा. दावे दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. जाहीरनामा लागला नसेल तर तो लावा म्हणून कलेक्टरला ग्रामसभेचा ठराव पाठवा. जीप आली तर पाहुण्यांना बसवा, पाणी द्या, त्यांचं ऐका. मग आजीनं विचारलं तेच विचारा. उत्तर मिळेपर्यंत अंगठा देऊ नका.

जिंदाबाद!