वसुलीचा खर्च कोणाच्या खात्यावर?



सरकारचे जे येणे असते ते वस्तुतः जनतेचे येणे असते, हे तत्त्व आपणांपैकी कोणीही नाकारणार नाही. ज्याने ते जाणूनबुजून बुडविले त्याने शाळेची भिंत, दवाखान्यातील औषध आणि गरीब विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बुडविली असेच म्हटले पाहिजे. परंतु एक रुपया वसूल करण्यासाठी दोन रुपये खर्च होत असतील, तर ती वसुली करावी काय? व्यवहारी मनुष्य चटकन् उत्तर देईल की करू नये. तत्त्वनिष्ठ मनुष्य तितक्याच चटकन् सांगेल की केलीच पाहिजे. नाही तर उद्या कोणीच देणे देणार नाही. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कारण दोघांनीही मूळ प्रश्न विचारलेलाच नाही. वसुलीचा खर्च म्हणजे कोणाचा खर्च?

सरकारला खर्चाचा हिशेब समजत नाही, असे मुळीच नाही. २०२४ सालच्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र सरकारने प्रत्यक्ष कराच्या जुन्या व किरकोळ मागण्या सोडून देण्याचे जाहीर केले. २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांतील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या त्यात आल्या. यांपैकी काही तर १९६२ सालापासून दप्तरी पडून होत्या. सुमारे एक कोटी करदात्यांना याचा लाभ होईल, असे सरकारने सांगितले. महाराष्ट्र सरकारनेही २०२२ साली जुन्या विक्रीकरादी करांच्या थकबाकीसाठी अभय योजना आणली. तीत व्यापाऱ्याची एका वर्षाची १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली. हे निर्णय आम्ही चुकीचे मानीत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या कागदाचा पाठलाग करण्यात शहाणपणा नाही.

हाच हिशेब मोठ्या रकमांनाही लावला जातो. खालच्या पातळीवर निकाल विरुद्ध गेल्यास आयकर खात्याने वर अपील करावे की नाही, याची मर्यादा ठरलेली आहे. २०२४ साली ती वाढविण्यात आली. काही अपवाद सोडले, तर वादातील कराची रक्कम न्यायाधिकरणासाठी ६० लाख, उच्च न्यायालयासाठी २ कोटी आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ५ कोटी रुपयांहून अधिक नसल्यास खाते अपील करीत नाही. न्यायालयांचा वेळ आणि सरकारचा पैसा वाचावा, हा हेतू रास्तच आहे.

आता दुसरी बाजू पाहा. एखादा शिपाई, सफाई कामगार किंवा प्राथमिक शिक्षक तीस-पस्तीस वर्षे सेवा करून निवृत्त होतो. निवृत्तीच्या वेळी कार्यालय त्याची सेवापुस्तिका उघडते आणि त्यास कळविते की पंधरा वर्षांपूर्वी तुमची वेतननिश्चिती चुकली होती. तेव्हापासून जादा गेलेली रक्कम आता उपदानातून कापून घेण्यात येईल. चूक कोणाची? कार्यालयाची. पैसा कोठे गेला? मुलांच्या शिक्षणात, आईच्या औषधपाण्यात, घराच्या छपरात. आणि या वसुलीला सरकारला खर्च किती येतो? कारकुनाच्या लेखणीचा एक फराटा! वकील नको, जप्ती नको, पंचनामा नको. पैसा सरकारच्याच हातात असतो. तो फक्त द्यावयाचा नसतो.

येथेच खरी मेख आहे. ज्याच्याजवळ वकील आहे त्याच्याकडून वसुली करणे महाग पडते, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याकडून ती स्वस्तात होते. म्हणून केवळ खर्च आणि उत्पन्न यांचीच वजाबाकी केली, तर सरकारचा हात बलवंताच्या दारातून मागे फिरतो आणि दुबळ्याच्या ताटाकडे वळतो. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असण्याचीही गरज नाही. अन्याय करण्यास कित्येकदा एक चुकीचा हिशेबही पुरेसा होतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले, ही समाधानाची गोष्ट आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने, कर्मचाऱ्याचा दोष नसता चुकून दिली गेलेली जादा रक्कम केव्हा परत घेता येणार नाही, हे सांगितले. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांकडून नाही. निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून नाही. पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली जात असेल तर नाही. वरच्या पदाचे काम चुकीने करवून घेऊन त्या पदाचे वेतन दिले असेल तर नाही. आणि पैसा परत घेण्याच्या मालकाच्या हक्कापेक्षा वसुलीचा जाच फार मोठा ठरत असेल, तेथेही नाही. या निकालाचे मर्म नीट ध्यानात घ्या. न्यायालयाने तराजूत सरकारच्या खर्चाबरोबर देणेकऱ्याची होरपळही घातली.

तथापि या निकालाला एक मर्यादाही आहे. वेतननिश्चितीच्या वेळी "जादा रक्कम आढळल्यास परत करीन" असे हमीपत्र लिहून देणाऱ्या एका न्यायिक अधिकाऱ्याकडून वसुली करण्यास याच न्यायालयाने २०१६ साली मुभा दिली. तेव्हा पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

देणेकऱ्याची होरपळ हिशेबात धरली नाही तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाने जगापुढे ठेवले आहे. देश दूरचा खरा. परंतु तेथे एका वसुलीचा जमाखर्च सरकारी चौकशीतून उघड झाला, म्हणून तो पाहण्यासारखा आहे. बेकारी भत्ता व तत्सम साहाय्य घेणाऱ्यांनी जादा रक्कम घेतली असावी, असे मानून तेथील सरकारने २०१५ पासून यंत्राकरवी हिशेब करविला. मनुष्याचे वर्षाचे उत्पन्न घ्यावयाचे, ते सव्वीस पंधरवड्यांत सारखे वाटावयाचे, आणि त्यावरून त्याने जादा घेतले असे ठरवावयाचे! ज्यास सहा महिने काम मिळाले आणि सहा महिने मिळाले नाही, तो या गणिताने सहजच देणेकरी ठरला. आपण देणे लागत नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधाव्यात, अशी अपेक्षा होती. चार लाखांहून अधिक लोकांवर असे देणे लादले गेले. २०१९ साली ही रीत बेकायदेशीर असल्याचे न्यायालयात ठरले आणि पैसे परत करावे लागले. जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालातील जमाखर्च असा : अपेक्षित बचत ४७० कोटी डॉलर्सहून अधिक, प्रत्यक्ष बचत सुमारे ४० कोटी, खर्च सुमारे ९७ कोटी. म्हणजे तिजोरी भरण्यास निघालेले सरकार तिजोरी रिकामी करून परतले. आणि या तगाद्याच्या काळात ज्यांनी आपला जीव दिला त्यांच्या मातांची साक्षही आयोगासमोर झाली. ती हानी कोणत्या रकान्यात मांडावयाची?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सार्वजनिक अर्थकारणाचे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यातील विषमता दाखवून दिली. आयकर मनुष्याची ऐपत पाहून आकारला जातो आणि ठराविक उत्पन्नाखालील माणसास तो माफ असतो. परंतु शेतसारा जहागीरदाराला आणि एकरभर जमिनीच्या शेतकऱ्याला एकाच दराने भरावा लागतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. देणाऱ्याची ऐपत न पाहणारी आकारणी न्याय्य नव्हे, हा त्यातील सिद्धांत. जो नियम आकारणीला, तोच वसुलीला का नसावा?

तर मग काय करावे? सर्व किरकोळ देणी सरसकट माफ करावीत, असे आम्ही म्हणत नाही. वेळेवर भरणारा प्रामाणिक मनुष्य अशा माफीने मूर्ख ठरतो आणि टाळणारा शहाणा ठरतो. आमचे म्हणणे असे आहे. प्रथम, देणे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. दुसरे, ज्या रकमेखाली पाठलाग करावयाचा नाही ती मर्यादा जाहीर असावी, आणि करदात्यास व पेन्शनरास तिचा आधार सारखाच मिळावा. तिसरे, चूक सरकारची असेल तर तिचा भुर्दंड निरपराध माणसावर पडू नये. चौथे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, ऐपत असून जो हेतुपुरस्सर देणे टाळतो, त्याचा पाठलाग खर्च न पाहता करावा. तेथे शंभर रुपयांसाठी दोनशे गेले तरी ते वाया जात नाहीत. कारण त्या दोनशे रुपयांत कायदा सर्वांना सारखा आहे हा विश्वास विकत मिळतो. दुबळ्याकडून फुकटात उकळलेले शंभर रुपये मात्र तो विश्वास विकून मिळविलेले असतात.

आणि आपले कर्तव्य काय? खरे देणे असेल ते देऊन टाकावे. त्यात कमीपणा नाही, उलट मान आहे. परंतु नोटीस आली म्हणून घाबरून जाऊ नये, आणि ती पेटीच्या तळाशी टाकूनही देऊ नये. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे. रक्कम कोणत्या आदेशान्वये, कोणत्या काळासाठी आणि कशी काढली, याचा तपशील मागावा. नेमणुकीचे आदेश, वेतननिश्चितीची पत्रे, भरणा केल्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. ज्यांस लिहितावाचता येते त्यांनी शेजारच्या वृद्धाचे उत्तर लिहून द्यावे.

ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या पाटलाच्या चावडीसमोर हात जोडून "माफ करा" असे म्हटले, त्यांच्या मुलांनी आता ते शब्द उच्चारण्याचे कारण नाही. आता म्हणावयाचे ते एवढेच : हिशेब दाखवा.