पथ्याच्या नावाखाली उपासमार

मधुमेहाने मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाच्या घरी बहुधा पथ्याचे दोन कागद असतात. शुगरच्या डॉक्टरांच्या कागदावर भात, बटाटा, केळी, गोड यांवर काट. किडनीच्या डॉक्टरांच्या कागदावर मीठ, डाळ, दूध, शेंगदाणे, नारळपाणी बंद. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर. पण ते एकत्र पाळले की ताटात काय उरतं, हे बघायचं काम कुणाचंच नसतं. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ आहे, म्हणून विचारते. उत्तर येतं : अर्धी भाकरी आणि उकडलेला दुधी.

"मॅडम, डायलिसिस लागल्यापासून ह्यांच्या तोंडाला डाळ लागू दिली नाही," एक मावशी अभिमानाने सांगत होत्या. काकांच्या खांद्याची हाडं वर आलेली, खुर्चीतून उठताना हात द्यावा लागत होता. वजन मात्र तेवढंच, कारण अंगात पाणी. शिवाय शुगर उतरली, इन्सुलिन निम्म्यावर आलं, म्हणून घर खूश. मूत्रपिंडं बिघडली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि माणूस जेवतही कमी. अशी उतरलेली शुगर बघून मी तरी पेढे वाटणार नाही.

डाळीवरचा तो निर्बंध डायलिसिसच्या आधीचा होता. तेव्हा किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, जास्त खाऊही नयेत. डायलिसिस सुरू झालं की गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते, कारण दर खेपेला ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून निघून जातात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला रोज ५० ते ६० ग्रॅम. नियम बदलला, पण जुना कागद बदलून कुणी दिला नाही.

अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. पण सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही. श्रावणात तर महिनाच गेला. मग डाळ, पनीर, दही यांचं माप प्रत्येकाचे रिपोर्ट बघून बसवावं लागतं. त्याला वेळ लागतो, माणूस लागतो.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये आला, गरिबांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळू लागलं. फार मोठी गोष्ट आहे ही. पण क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. उपाशीपोटी औषध लागू पडत नाही, हे सरकारने तिथे मान्य केलंय. मग आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडल्या जाणाऱ्या माणसाचं पोट हिशेबात का नाही? प्रत्येक केंद्राला आहारतज्ज्ञ द्या, आणि खुर्चीवरच दोन उकडलेली अंडी, नको असेल त्याला पनीर. जेवल्यावर बीपी पडतं म्हणून काही ठिकाणी खाऊ देत नाहीत. ज्याचं पडतं त्याला नंतर द्या. बाकीच्यांना कशासाठी उपाशी ठेवायचं?