केळझरच्या फळ्यावर

सकाळचे सात वाजले होते. गहू निघून गेलेला, फरदडीची पऱ्हाटी वाळून उभी, आणि मी धुऱ्यावर मान वर करून उभा. दुचाकीवरून शेताकडे निघालेल्या एकानं गाडी थांबवली.

"काय पाहून राहिले भाऊ?"

"नीळकंठ."

"तो तं दसऱ्याले पाहतात."

बरोबर आहे. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात आणि मग वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही. एरवी तो विजेच्या तारेवर पोक काढून बसतो, मातकट रंगाचा, दुर्लक्ष करावं असाच. पण मार्च ते जून हे त्याचे विणीचे दिवस. नर सरळ उंच चढतो, वर क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मग कर्कश ओरडत, डाव्या-उजव्या अंगावर लोळण घेत खाली येतो. पंख उघडले की गडद आणि फिकट असे दोन निळे एकदम दिसतात. मादी तारेवर बसून हे सगळं पाहत असते. दुचाकीवाला दहा मिनिटं थांबला. दोन कोलांट्या पाहिल्या आणि म्हणाला, "हे तं माहीतच नव्हतं." वर्ध्यात काही वर्षांपूर्वी शहरपक्षी निवडायला चक्क मतदान झालं होतं. त्यात हाच निवडून आला, पुस्तकातल्या नावानं नीलपंख.

"हे माहीतच नव्हतं" हे त्याचं वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यात राहिलं. पुण्या-मुंबईचे मित्र या दिवसांत फोनवर सांगतात, अमक्या ठिकाणी मैफल आहे, तमक्या ठिकाणी चित्रं लागली आहेत, विज्ञानाचं व्याख्यान आहे. मग विचारतात, तुमच्या केळझरला काय? मी इतकी वर्षं "काही नाही" म्हणत आलो. ते खोटं होतं. आमच्याकडेही फाल्गुन-चैत्राचा भरगच्च कार्यक्रम असतो. फक्त तो कुठे लिहिलेला नसतो. गावात फळा असतो, त्यावर घरपट्टीची सूचना असते, पाणी कधी येणार ते असतं. त्याच फळ्याचा एक कोपरा वसंतासाठी राखावा, एवढं माझं मागणं आहे. त्यावर काय लिहायचं, ते आज सांगतो.

पहिल्या ओळीत पळस. सेलूकडून बोरच्या जंगलाच्या बाजूला जा. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे वाघांचं लहानसं जंगल आपल्याच तालुक्यात आहे. तिकडच्या रस्त्याला पान नसलेली, नुसत्या फुलांची झाडं दिसतील. एका पळसाखाली अर्धा तास बसा. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे मधासाठी येतात, आणि जाताना डोक्याला परागकण लावून घेऊन जातात. खाली पडलेली फुलं तेवढी वेचून आणा. झाड ओरबाडू नका. ती पाण्यात उकळली की पिवळं-केशरी पाणी निघतं. दोन वाट्यांत ते घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर धुण्याचा सोडा टाका. सोड्याच्या वाटीतला रंग लालसर होत जातो, लिंबाच्या वाटीतला पिवळा राहतो. आम्ल आणि अल्क म्हणजे काय, हे मी शाळेत घोकलं होतं; समजलं मात्र या वाट्यांतून, तेही चाळिशी उलटल्यावर. तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर हाच रंग धरतो. ज्याला हे काम मन लावून पाहायचं असेल त्यानं वर्ध्याला मगनवाडीत जावं. तिथलं मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलं गेलं. चरखे, खेड्यातली अवजारं, कारागिरांच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत, आणि वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादीही मिळते. कलेचं म्हणा, विज्ञानाचं म्हणा, ते एकच दालन आहे.

दुसरी ओळ मला सगळ्यात प्रिय आहे. २१ मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात एक मीटरची सरळ काठी रोवायची. गवंड्याचा ओळंबा धरून ती उभी आहे ना, ते पाहायचं. बारा वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत जायचं. आपल्याकडे सूर्य बरोबर बाराला माथ्याच्या रेषेवर येत नाही. भारताची घड्याळं ज्या रेखांशावर लावलेली आहेत, तो आपल्या बराच पूर्वेला आहे. सगळ्यात आखूड सावली पडते ती १२ वाजून २२ मिनिटांच्या आसपास, आणि ती भरते साधारण ३८ सेंटीमीटर. काठी आणि सावली यांचा त्रिकोण कागदावर प्रमाणात काढा, वरचा कोन मोजा. २१ अंशांच्या जवळपास येईल. तोच केळझरचा अक्षांश! त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, आणि आपण तिथून किती उत्तरेला आहोत ते ही काठी सांगते. अक्षांश आम्ही नकाशावरून पाठ केले. कोणी काठी रोवून दाखवली नाही, याची हळहळ मला आजही आहे.

मग दर पंधरवड्याला मोजत राहा. सावली आखडत जाते, आणि मेच्या २५ तारखेच्या आसपास भर दुपारी ती काठीच्या पायाशीच नाहीशी होते. नागपूरला हे एखाद्या दिवसानं पुढे होतं. आता पंचांग उघडा. आपली माणसं ज्याला धाकानं 'नवतपा' म्हणतात, ते नऊ दिवस त्याच २५ मेपासून सुरू होतात, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की. आजीचा नवतपा आणि पोरांची काठी एकाच तारखेला भेटतात, हे लक्षात आलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं. त्यानंतर पावणेदोन महिने दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. तोवर ढग आले नसतील तर तेही बघून घ्यावं.

गाण्याची ओळ आपोआप भरते. होळीला डफडं वाजवणारे आधी ते जाळाजवळ धरतात. ऊब लागली की चामडं ताणलं जातं आणि आवाज चढतो. खंजिरीचं उलटं करता येतं, चामड्यावर पाण्याचा हात फिरवला की सूर उतरतो. आणि खंजिरी म्हटली की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. ३० एप्रिल १९०९ हा त्यांचा जन्मदिवस गुरुदेव सेवा मंडळं ग्रामजयंती म्हणून पाळतात, गाव झाडून, भजनं म्हणून. १९३६ साली त्याच तारखेला गांधीजी शेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले. आणि त्याच वर्षी महाराजही तिथे मुक्कामाला होते. या दिवशी भजनाला बसायचं तर पुढे बसावं, खंजिरीच्या अगदी जवळ. एका हातात धरलेल्या लाकडी कड्यातून, पाच बोटांतून आणि दोन-चार झांजांतून केवढं निघतं, ते लाउडस्पीकरवर कळत नाही.

शेवटची ओळ रात्रीची. आमच्या गावचा सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांत मोडतो. त्याच्या टेकडीवर वसिष्ठ ऋषींनी गणपती बसवला असं सांगतात, आणि हीच महाभारतातली एकचक्रानगरी, असंही. एप्रिलात नऊच्या सुमारास टेकडीच्या उतारावर उत्तरेकडे तोंड करून बसलं की सप्तर्षी उंच आलेले असतात. शेपटीतल्या तीन ताऱ्यांमधला मधला, तो वसिष्ठ. त्याला अगदी खेटून एक बारीक तारा, अरुंधती. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा. पौर्णिमेचा चंद्र या चित्रेजवळ येतो म्हणून महिन्याचं नाव चैत्र. त्यासाठी कोणावर विश्वास ठेवायची गरज नाही, त्या रात्री वर बघितलं की झालं.

परवा पुतणीला घेऊन गेलो होतो. सातवीत आहे. तिला वसिष्ठ दाखवला आणि विचारलं, बाजूला काही दिसतं का? लग्नाच्या रात्री आम्हालाही अंगणात उभं करून अरुंधती दाखवली होती, तेव्हा ती मला स्वच्छ दिसली होती. आता वसिष्ठच तेवढा दिसतो, तोही जरा पसरट.

"दिसून राहिली न मोठेबाबा. खालच्या अंगाले. लहानशी." तिनं माझं बोट धरून नेमकं तिकडे वळवलं. मी बराच वेळ तिकडेच पाहत राहिलो.