प्रभावनेत क्रोटन कशाला?



दशलक्षणात आमच्या मंडळाने यंदा स्टीलच्या वाट्यांऐवजी रोपं वाटली. मला फार बरं वाटलं. पण पिशवी उघडली तर क्रोटन! शेजारणीला ड्युरांटा. वाटणारी म्हणाली, "काकू, याला कीड लागत नाही."

अगं, तोच तर त्याचा दोष!

आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, बारीक जीव मरू नयेत म्हणून. आणि अंगणात मात्र कुठलाच जीव तोंड लावणार नाही असं झाड शोधून आणतो. माझ्याकडचा क्रोटन सहा वर्षांचा आहे, त्यावर एक अळी पाहिली नाही. त्याच्याच शेजारच्या कढीपत्त्यावर पावसाळाभर अळ्या. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या. फुलपाखरू मध कितीतरी फुलांतला पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडंच लागतात. कुणाला रुई, कुणाला कढीपत्ता. २०१५ साली महाराष्ट्राने जे राज्य फुलपाखरू ठरवलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातली पानं खाऊन वाढतात.

पहिल्या वर्षी मीही फवारा मारला होता. सकाळी मंदिर, दुपारी फवारा. कुंडीभोवती पडलेल्या त्या अळ्या अजून डोळ्यांसमोर येतात. मी कॉमर्सची. जमेला गच्चीवरचे दाणे, नावे फवारा, हा ताळेबंद जुळायचा कसा? शिवाय चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना अळ्या-किडेच भरवते. (कुणी कुणाला खावं हे आपल्या हातात नाही. आपण मारू नये, एवढं आहे.)

एक ताई म्हणाल्या, "जीव वाढवले तर पायाखाली येतील, ते पाप कुणाचं?" ताई, पाहून चालायचं, ईर्या समिती आपल्याला लहानपणीच शिकवली आहे. जीव येऊच नयेत म्हणून बंदोबस्त करायचा आणि त्याला जीवदया म्हणायचं, हे मला पटत नाही.

कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं मी यंदा टाकली नाहीत, बिया पिशव्यांत लावल्या. चाळीस रोपं आली आहेत. पुढच्या प्रभावनेला मंडळाने घेतली तर आनंदच आहे. नाही घेतली तर मंदिराच्या पायरीवर बसून मी स्वतः वाटेन. अळीसकट.